जुना धारेचा दगड वापरात आणताना

दिवाळीची आवराआवर झाली की एका प्रकारचे प्रश्न हमखास येऊ लागतात. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आजोबांचा वस्तरा सापडलेला असतो आणि सोबत काळपट, चिकट, मध्ये खोल गेलेला एक दगड. कुणाकडे तो जुन्या धोकटीतून आलेला असतो, कुणी पुण्याच्या जुन्या बाजारातून किंवा मुंबईच्या चोर बाजारातून उचललेला असतो. प्रश्नही ठरलेले असतात. हा तेलाचा की पाण्याचा? उकळला तर चालेल का? सपाट कशावर करू? गरम पाण्यात भिजवला आणि त्याचे दोन पापुद्रे सुटले, आता चिकटतील का?

हा शेवटचा प्रश्न खरे तर येऊच नये. वस्तऱ्याच्या जुन्या दगडाचे वापराने जितके नुकसान होते, त्याहून जास्त दुरुस्तीच्या उत्साहाने होते. दगडातून घासून गेलेला भाग परत येत नाही, विरघळलेले लेबल परत येत नाही. म्हणून आधी ओळख, मग तडे, मग सफाई, मग सपाटी, असा क्रम ठेवा आणि प्रत्येक पायरीवर 'एवढे पुरे आहे का?' हे स्वतःला विचारा. पुष्कळ दगडांचे काम साबणाच्या पाण्यावरच भागते.

आधी ओळख, मग पाणी

दगड हातात आला की तो कोरडाच ठेवा. मऊ फडक्याने धूळ पुसा आणि उजेडात सगळ्या बाजू बघा. कडांवर कागदी लेबलाचा तुकडा, कोरलेली अक्षरे, दोन रंगांचे थर, खोक्यावर छापलेले नाव असे काहीही दिसले तर फोटो काढून ठेवा. लेबल असलेल्या टोकाला ओला हात लावू नका.

आपल्याकडे सापडणारे दगड बहुधा यांपैकी एक असतात:

- बेल्जियमचा पिवळा दगड, कोटिक्यूल. आर्देन भागात व्हिएलसाल्मच्या आसपास निघतो. रंग फिकट पिवळा ते सायीसारखा. खाली बहुतेक वेळा जांभळट-निळा किंवा काळा थर असतो. कापण्याचे काम यातले गार्नेटचे बारीक कण करतात. हा पाण्याचा दगड आहे.
- जर्मनीतला थुरिंगियाचा दगड. निळसर करडा, फिकट हिरवा किंवा पिवळट हिरवा, एकसारख्या पोताचा स्लेट दगड. झोनेबर्गच्या एशर या पेढीची लेबले यांवर सापडतात आणि संग्राहक त्या लेबलांसाठी चांगले पैसे मोजतात. हाही पाण्याचाच.
- इंग्लंडचा चार्नली फॉरेस्ट. लेस्टरशरचा. ऑलिव्ह हिरवा, त्यावर तांबूस-जांभळट ठिपके किंवा पट्टे. अतिशय कठीण आणि संथ. जुन्या काळी तेलावर वापरत, पाण्यावरही चालतो.
- आर्कान्सा. अमेरिकेतल्या हॉट स्प्रिंग्जच्या परिसरातला, जवळजवळ शुद्ध सिलिकाचा दगड. पांढरा, काळा किंवा अर्धपारदर्शक. अर्धपारदर्शक दगडाच्या कडेला मोबाइलचा टॉर्च लावला की आतून उजेड झिरपतो. परंपरेने तेलाचा.
- सलूनचा छोटा कृत्रिम दगड. तळहातात मावणारा, तांबूस, तपकिरी किंवा काळा, कण अगदी एकसारखे, अंगावर अक्षरे कोरलेली. आजच्या स्लोव्हेनियातल्या मारिबोरचा 'स्वाती' आणि अमेरिकेच्या कार्बोरंडम कंपनीचे दगड हे यातले नावाजलेले. पाण्यावर किंवा दाढीच्या फेसावर चालतात.

आणि एक सहावा प्रकार, जो सर्वांत जास्त सापडतो आणि सर्वांत जास्त निराश करतो: दोन बाजूंचा करडा-काळा चमचमता कार्बोरंडम, किंवा नारिंगी-तपकिरी 'इंडिया' दगड. या दुसऱ्याचे नाव इंडिया असले तरी तो अमेरिकेतल्या नॉर्टन कंपनीचा, ॲल्युमिनियम ऑक्साइडचा. हे दोन्ही सुताराचे आणि फिटरचे दगड आहेत. वस्तऱ्याच्या धारेतला टवका काढायला त्यांची बारीक बाजू उपयोगी पडेल, पण त्यावर शेवटची धार लावून दाढी केलीत तर गाल तुमच्याशी बोलणार नाहीत. घरातला दगड या जातीचा निघाला तर त्याला विळी-सुरीच्या कामाला लावा. त्यासाठी पुढची सगळी मेहनत करण्याची गरज नाही.

ओळख पटत नसेल तर नाव शोधत बसू नका. तीन गोष्टी कळल्या की निर्णय घेता येतो. पाण्याचा थेंब टाका: लगेच शोषला तर दगड सच्छिद्र, तसाच राहिला तर घट्ट. (तेल मुरलेल्या दगडावरही थेंब तसाच राहतो, म्हणून सफाईनंतर पुन्हा बघा.) मागच्या बाजूला कोपऱ्यात खिळ्याने हलकी रेघ ओढा: दगडाला ओरखडा पडला तर तो मऊ, खिळ्याचेच लोखंड दगडावर उमटले तर कठीण. तिसरे, बाजूने बघा: थर आहेत का, आणि थरांमधली रेषा कशी आहे? वेडीवाकडी, एकमेकांत मिसळलेली असेल तर जोड निसर्गाचा. सरळ, काळसर आणि डिंकासारखी दिसली तर माणसाने चिकटवलेला. चिकटवलेल्या दगडाला गरम पाणी वर्ज्य आहे.

तडे शोधण्याची सोपी युक्ती

दगड दोन बोटांत सैल धरून दुसऱ्या हाताच्या नखाने टिचकी मारा. अखंड दगड स्वच्छ वाजतो, तडकलेला बद्द वाजतो. चिकटवलेल्या जोडदगडात ही परीक्षा फसते, कारण डिंक आवाज खातो. तिथे दगड ओल्या फडक्याने पुसा आणि वाळताना बघत राहा. सगळा पृष्ठभाग सुकला तरी एखादी बारीक काळी रेघ ओलीच राहिली, तर तो तडा. कोटिक्यूलमध्ये मँगनीजच्या काळ्या रेषा असतात. त्या कोरड्या असतानाही तशाच दिसतात, म्हणून गोंधळ नको.

बारीक तड्यात बाजूने फेव्हिक्विकसारखा पातळ गोंद सोडला तर तो आपोआप आत ओढला जातो. वरच्या कामाच्या बाजूवर मात्र थेंबही सांडू देऊ नका. थर पूर्ण सुटला असेल तर दोन्ही पृष्ठभाग कोरडे व तेलमुक्त करून एरल्डाइट लावा. लवकर सुकणारे नव्हे, साधे सावकाश सुकणारे घ्या, कारण दगड सरळ बसवायला वेळ मिळतो. वर वजन ठेवून रात्रभर हात लावू नका. आणि दगडाचे तुकडेच झाले असतील तर फार हळहळू नका. कोटिक्यूलचा सुपारीएवढा तुकडासुद्धा मोठ्या दगडावर घासून गाळ काढायला कामी येतो, त्यासाठी लोक असे खडे मुद्दाम विकत घेतात.

सफाई: सौम्यापासून सुरू करा

जुन्या दगडावरचा काळा थर म्हणजे पोलादाचा कीस आणि सुकलेले तेल. आपल्या घरांत दगडावर गोडेतेल नाहीतर खोबरेल टाकत. गोडेतेल वर्षानुवर्षे हवेत राहिले की वार्निशासारखे घट्ट होते आणि दगडाची छिद्रे बुजतात. दगड 'मेला' असे वाटते ते बहुधा यामुळेच.

1. भांड्यांचा द्रव साबण, कोमट पाणी आणि जुना दात घासायचा ब्रश. घट्ट दगडांना (थुरिंगिया, कोटिक्यूल, चार्नली) इतके पुरते. तेल वरच्यावर असते, आत फारसे जात नाही. लेबल असेल तर ते टोक कोरडे राहील असा दगड तिरका धरा आणि ब्रशऐवजी ओले फडके वापरा.
2. काळेपणा उरला तर रंगाच्या दुकानातले टर्पेंटाइन किंवा रॉकेल फडक्यावर घेऊन पुसा, मग पुन्हा साबण. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ गॅस पेटता नको.
3. सच्छिद्र कृत्रिम तेलदगड असेल तरच तो झाकणाच्या डब्यात रॉकेलमध्ये बुडवून ठेवा. एक-दोन दिवसांनी काळे झालेले रॉकेल बदला. पुन्हा काळे झाले तर पुन्हा बदला.

आता काय करू नये तेही सांगतो, कारण 'घरगुती उपाय' या नावाखाली यातले बरेच फिरत असते. दगड उकळू नका, ओव्हनमध्ये तापवू नका: थर सुटतात, तडे वाढतात आणि मुरलेले तेल पेटू शकते. लिंबू, व्हिनेगर, संडास साफ करायचे आम्ल यांतले काही लावू नका, कारण काही नैसर्गिक दगडांच्या घडणीतले खनिज आम्लाने खाल्ले जाते. दगड कशाने बांधला आहे हे ठाऊक नसेल तर स्पिरिट आणि ॲसिटोनही दूर ठेवा. आपल्याकडचे जुन्या पद्धतीचे कुरुंदाचे दगड लाखेने बांधलेले असतात, लाख स्पिरिटमध्ये विरघळते आणि उष्णतेने मऊ होते.

सफाई झाली की थांबा आणि दगड वापरून बघा. पृष्ठभाग सपाट असेल तर तुमचे काम इथेच संपले. जुना दगड जुना दिसणारच.

सपाटी किती हवी?

इथे सर्वांत जास्त गैरसमज आहेत, म्हणून थोडे थांबू.

वस्तऱ्याला धार लावताना पात्याची पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडावर टेकतात. कोन हाताने धरावा लागत नाही, तो पात्याच्या घडणीतच असतो. पाठ 5 मिमी जाड आणि पाते 18 मिमी रुंद असेल तर धारेचा कोन साधारण 16 अंश येतो. मग दगड खोल गेला असेल तर हा कोन बिघडत नाही का? बिघडतो, पण कोणत्या दिशेने खोल गेला आहे यावर सगळे अवलंबून आहे.

समजा दगड 150 मिमी लांब आहे आणि लांबीच्या मध्यावर 1 मिमी खोल गेला आहे. डोळ्याला हे फार दिसते. पण पात्याची पाठ आणि धार यांत अंतर फक्त 18 मिमी. तेवढ्या अंतरात हा खोलगटपणा भरतो जेमतेम दीड शतांश मिलिमीटर. त्याने दाढी बिघडत नाही. जुने नाभिक कारागीर असल्या दगडांवर वर्षानुवर्षे धार लावत आले ते यामुळे.

रुंदीतला खोलगटपणा मात्र नडतो. दगडाच्या दोन लांब कडा उंच आणि मध्य खाली असेल तर वस्तऱ्याची सरळ धार त्या दोन कडांवरच टेकते, मध्ये हवेत राहते. सगळा दाब दोन बिंदूंवर येतो, धार तिथे झिजते आणि पाते हळूहळू बाकदार होत जाते. तिसरा दोष पिळाचा: दगडाचे समोरासमोरचे कोपरे वरखाली असणे. तो डोळ्यांना दिसत नाही आणि धारेचे एक टोक कोरे राहिले की मग लक्षात येतो.

तपासायला सुताराचा गुण्या किंवा चांगली स्टीलची पट्टी उभी धरा आणि उजेडाकडे तोंड करून फटीतून बघा. आधी रुंदीत चार-पाच ठिकाणी, मग कर्णावर, शेवटी लांबीत. मोटार मेकॅनिककडे फीलर गेज असतो, त्याचे 0.05 मिमीचे पान रुंदीतल्या फटीत शिरत नसेल तर वस्तऱ्यासाठी पुरे. लांबीत 0.2-0.3 मिमी राहिले तरी मी हात लावत नाही. पिळासाठी दगड पालथा करून जाड काचेवर ठेवा आणि कोपरे आळीपाळीने दाबा. डुगडुगला तर पीळ आहे.

ही तपासणी दगड वाचवण्यासाठी आहे. चिकटवलेल्या कोटिक्यूलचा पिवळा थर काही वेळा तीन-चार मिमीच उरलेला असतो. लांबीतला 1 मिमी खोलगटपणा काढायच्या हट्टापायी त्यातला चौथा हिस्सा चिखलात घालवणे हा तोट्याचा व्यवहार आहे.

सपाट करण्याची कृती

लागणारे सामान साधे आहे. काचवाल्याकडून 10 किंवा 12 मिमी जाड काचेचा तुकडा, कडा घासून घेतलेला. काच नसेल तर स्वयंपाकाच्या ओट्याच्या कामातून उरलेला पॉलिश केलेला ग्रॅनाइटचा तुकडा चालतो, पण तो आधी पट्टीने तपासा. शहाबादी फरशी नको, ती सपाट नसते. हार्डवेअरच्या दुकानातून 220, 400, 600 आणि 1000 नंबरचे वॉटर पेपर. एक शिसपेन्सिल, पाण्याच्या दोन बादल्या आणि रबरी हातमोजे.

1. काच ओली करून त्यावर वॉटर पेपर पसरा आणि तळहाताने पाणी व हवा बाहेर काढा. कागदाला फुगवटा राहिला तर दगडाची टोके गोल होतात. कागद सरकत असेल तर कडेला चिकटपट्टी लावा.
2. दगडाच्या कामाच्या बाजूवर पेन्सिलीने एक-एक सेंटिमीटरवर आडव्या-उभ्या रेघा मारा.
3. भरपूर पाणी घालून दगड इंग्रजी आठच्या आकारात फिरवा. बोटे दगडाच्या मध्यावर, दाब अगदी हलका. दगड कागदाच्या बाहेर जाऊ देऊ नका.
4. दर वीस-तीस फेऱ्यांनी दगड उलटसुलट फिरवून धरा, म्हणजे हाताचा दाब एकाच टोकावर पडणार नाही.
5. मधूनमधून धुऊन रेघा बघा. जिथे रेघा उरल्या तो भाग खोल. रुंदीभर रेघा गेल्या की पट्टी लावा, बसली तर थांबा. लांबीच्या टोकाला एखादी पुसट रेघ राहिली तरी चालेल.
6. नंबर बदलताना दगड, काच आणि हात पहिल्या बादलीत, मग दुसरीत धुवा. 220 चा एक कण 1000 च्या कागदावर आला तर सगळ्या दगडावर ओरखडे उठतात.

स्लेटच्या जातीचे दगड भराभर घासले जातात, त्यांना 400 पासूनच सुरुवात करा. कोटिक्यूल थोडा वेळ घेतो. आर्कान्सा आणि चार्नली मात्र कागद संपवतात आणि स्वतः जागचे हलत नाहीत. त्यांच्यासाठी सिलिकॉन कार्बाइडची सुटी पावडर घ्या: 80 किंवा 90 नंबर, मग 220, मग 400. चमचाभर पावडर आणि थोडे पाणी काचेवर टाकून त्यात दगड फिरवायचा. पावडर दगडाइतकीच काचही खाते. काचेचा मध्य खोल गेला की त्यावर घासलेला दगड फुगीर होतो, म्हणून दगड काचेच्या सगळ्या भागांवर फिरवा आणि शेवटच्या टप्प्याला काचेची दुसरी बाजू वापरा. कागद असो की पावडर, त्यातला सिलिकॉन कार्बाइड म्हणजे जुना कार्बोरंडमच. 1891 साली एडवर्ड ॲचेसन याने अमेरिकेत तो भट्टीत तयार केला आणि घासकामाचे जगच बदलले.

दोन इशारे. गॅरेजमध्ये मिळणारी व्हॉल्व्ह घासायची पेस्ट स्वस्त पडते, पण ती ग्रीसमध्ये कालवलेली असते आणि पाण्याच्या दगडात ते ग्रीस मुरते. डायमंड प्लेट असेल तर मऊ दगडांना ती सर्वांत सोयीची, पण आर्कान्सावर रगडलीत तर प्लेटचे हिरे झिजतील आणि पश्चात्ताप महागडा असेल.

धूळ आणि गाळ

यातले बहुतेक दगड सिलिकाने भरलेले आहेत. कोरडे घासल्यावर उडणारी बारीक धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि सिलिकोसिस हा बरा न होणारा आजार देते. एखादा दगड घासल्याने तो होत नाही हे खरे, पण घरात मुले असताना, पंखा चालू असताना ग्राइंडर लावून दगड कोरडा घासणारे लोक आहेत. कायम ओले घासा, सांडलेला गाळ ओल्या फडक्याने पुसा, वाळल्यावर झाडू नका. गाळ मोरीत ओतला तर नळीच्या वळणात सिमेंटसारखा बसतो. बादलीत रात्रभर ठेवा, वरचे पाणी ओता, खालचा गाळ कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका.

शेवटचा पोत: इथेच दगड बनतो किंवा बिघडतो

सपाट झालेला दगड दोन जणांना वेगवेगळी धार देतो, याचे कारण इथे आहे. दगडांच्या दोन वृत्ती असतात.

काही दगड काम करताना स्वतः थोडे झिजतात आणि नवे कण पुढे आणतात. कोटिक्यूल, थुरिंगियाचे आणि जपानी नैसर्गिक दगड यांत येतात. त्यांचा पृष्ठभाग तुम्ही 600 वर सोडलात की 1000 वर, थोड्या वापराने तो आपल्या मूळ पोतावर येतो. यांच्यासाठी खरे कौशल्य गाळाचे. छोट्या खड्याने दगडावर पाण्यात दुधासारखा गाळ काढा, वस्तरा फिरवा, मग थेंबाथेंबाने पाणी घालत गाळ पातळ करत न्या आणि शेवटचे हात स्वच्छ पाण्यावर मारा. कोटिक्यूलला तर गाळ असताना आणि नसताना दोन वेगळे दगड म्हणावे इतका फरक पडतो: गाळावर तो झपाट्याने कापतो, नुसत्या पाण्यावर अगदी संथ होतो.

दुसरे दगड झिजत नाहीत. आर्कान्सा, चार्नली, सलूनचे कठीण कृत्रिम दगड. यांच्या अंगावर तुम्ही ज्या ओरखड्यांवर थांबाल, तेच ओरखडे वस्तऱ्याशी बोलतात. 220 वर सोडलेला आर्कान्सा वस्तऱ्याला करवतीसारखी धार देईल आणि तुम्ही म्हणाल दगड खोटा आहे. त्याला 400, 600, 1000 असे चढत न्या. दोन्ही बाजू चांगल्या असतील तर एक 600 वर ठेवा, काम उरकायला, आणि दुसरी 1000 किंवा त्यापुढे, शेवटच्या हातासाठी. मग त्या बारीक बाजूवर जुन्या पटाशीचे किंवा रंध्याच्या पात्याचे रुंद सपाट पोलाद तेल घालून बराच वेळ घासा. उभे राहिलेले कणांचे टोकदार माथे बसतात आणि दगड गुळगुळीत होतो. हे काम कंटाळवाणे आहे, टीव्हीसमोर बसून करा.

सलूनच्या छोट्या दगडाच्या बाबतीत आणखी सावध राहा. कित्येकदा त्याची वरची वर्षानुवर्षे गुळगुळीत झालेली कातडीच उत्तम चालते. रुंदीत सपाट असेल तर नुसता धुवा आणि वापरून बघा. हे दगड बोथटायला लागलेल्या धारेला पाच-सहा हलके हात देऊन जागे करण्यासाठी आहेत. बोथट वस्तऱ्याला मुळापासून धार लावण्याची अपेक्षा त्यांच्याकडून ठेवू नका.

सगळ्या दगडांच्या वरच्या कडा मात्र 400 च्या कागदावर तिरक्या धरून मिलिमीटर-दोन मिलिमीटर मोडा. टोकदार कडेवर वस्तऱ्याची धार एकदा जरी आदळली तरी टवका उडतो आणि बोटही कापते.

तेल की पाणी, आणि खोके

पाण्याचा दगड पाण्यावर, एवढे सोपे. त्यात आधी तेल लागलेले होते म्हणून तो कायमचा तेलाचा होत नाही. घट्ट दगड साबणाने धुतला की परत पाण्यावर येतो. आर्कान्साला तेल हवे असेल तर शिलाई मशीनचे तेल घ्या. ते पातळ असते आणि सुकून घट्ट होत नाही. गोडेतेल आणि जवसाचे तेल दगडावर नको. थंडीत खोबरेल गोठते, तेही नको.

जवसाचे तेल खोक्याच्या लाकडाला लावायला मात्र छान. ते पुसलेले फडके चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेऊ शकते. दोरीवर मोकळे वाळू द्या. दगड पूर्ण वाळल्याशिवाय खोक्यात ठेवू नका, पावसाळ्यात तर नाहीच. मूळ खोके कितीही मोडके असले तरी टाकू नका, दगडाची ओळख पटवणारा तो अनेकदा एकमेव पुरावा असतो.

चाचणी

पहिली चाचणी आजोबांच्या वस्तऱ्यावर घेऊ नका. एखादा स्वस्त, पण पाते सरळ असलेला वस्तरा घ्या. धारेच्या उताराला काळ्या मार्करने रंगवा आणि दगडावर दोन-तीन हलके हात मारा. रंग टोकापासून टोकापर्यंत सारखा गेला तर सपाटी बरोबर. मध्येच राहिला तर दोष दगडाचा की पात्याचा हे दुसरा वस्तरा लावून ठरवा. जुन्या पात्यांत बाक असणे अजिबात दुर्मीळ नाही. 30 पट मोठे दाखवणारे छोटे भिंग स्वस्तात मिळते. त्यातून एकसारख्या बारीक रेषांमध्ये एखादा खोल ओरखडा वारंवार दिसत असेल तर दगडात खरखरीत कण अडकला आहे, ब्रशने पुन्हा धुवा. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर पाते फिरवून मगच केसाला लावा.

सलूनमधून आलेला वस्तरा कितीही सुंदर असला तरी साबणाने धुऊन, निर्जंतुक करून मगच वापरा आणि घरात एकाचा वस्तरा दुसऱ्याने वापरू नये. हिपॅटायटिस बी आणि सी रक्तातून पसरतात, दिसणारे रक्त असायलाच हवे असे नाही.

दुसऱ्याकडून करून घेताना, विकत घेताना, विकताना

मार्बल-ग्रॅनाइटच्या कारखान्यात दगड सपाट करून देतात. पाण्याखाली घासणार का, हे आधी विचारा. कोरड्या चाकावर दगड तापून तडकतो. देण्यापूर्वी चारही कोपऱ्यांची जाडी मोजून लिहा, फोटो काढा, किती घासायचे ते पावतीवर लिहून घ्या. पैसे देऊन घेतलेली सेवा ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली येते, आणि सेवेतल्या त्रुटीबद्दल तक्रार करता येते. पण पावती नसेल तर सिद्ध काय करणार?

दुकानातून किंवा ऑनलाइन दगड घेतलात आणि 'एशर' म्हणून साधी स्लेट आली, किंवा वर्णनात नसलेला तडा निघाला, तर तुमच्या हातात हे आहे:

- 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार वर्णनाशी न जुळणारा किंवा सदोष माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायला हवे.
- राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915.
- तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत करावी लागते. मोजलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही.

पार्सल उघडताना चलचित्र घ्या, दगड धुण्यापूर्वी दोष दिसतोय असे फोटो घ्या. दगड घासायला सुरुवात केलीत की 'मूळ स्थितीत परत' हा मुद्दा तुमच्या विरोधात जातो. जुन्या बाजारात जमिनीवर मांडलेल्या पथारीवरून किंवा एखाद्या खासगी व्यक्तीकडून घेतलेल्या वस्तूला प्रत्यक्षात हे संरक्षण फारसे मिळत नाही. तिथे पाण्याची बाटली आणि स्टीलची पट्टी सोबत न्या, तडा आणि सपाटी जागेवर बघा, लेबल नसलेल्या दगडाला लेबलाची किंमत देऊ नका.

विकणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. लेबल असलेल्या जुन्या दगडांना परदेशातले संग्राहक गिऱ्हाईक मिळतात. पण पुरावस्तू आणि कलानिधी कायदा, 1972 प्रमाणे 100 वर्षांहून जुनी, गतकाळच्या कला-कारागिरीची साक्ष देणारी वस्तू 'पुरावस्तू' ठरू शकते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. दगड त्या वयाचा असण्याची शक्यता वाटत असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे वस्तू दाखवून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला मागा. त्यासाठी दगडाचे, लेबलाचे आणि खोक्याचे सफाईपूर्वीचे फोटो लागतील, आणि गिऱ्हाइकाकडून पैसे घेणे दाखला हातात आल्यावरच करा.